बाईकचा एक्झॉस्ट बदलायचाय? आधी खर्च नीट मांडा

सायलेन्सरची किंमत बघून बजेट ठरवू नका, खरा खर्च त्याच्या मागून येतो. आधी ठरवा की नुसता स्लिप-ऑन (फक्त मागचा सायलेन्सर) हवाय की हेडरपासून (इंजिनला जोडलेला पहिला पाइप) फुल सिस्टिम. स्लिप-ऑनने आवाज बदलतो, थोडं वजन कमी होतं, पॉवर म्हणाल तर सीटवर बसून कळणार पण नाही. बहुतेक वेळा स्टॉक मॅपवर, म्हणजे कंपनीच्या मूळ इंधन सेटिंगवर, चालून जातं.

फुल सिस्टिम आणि फ्री-फ्लो (जास्त हवा आत सोडणारा) एअर फिल्टर टाकला की मात्र मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. पेट्रोलचं आदर्श प्रमाण हवा 14.7 ला इंधन 1, पण फुल थ्रॉटलला इंजिनला साधारण 13 ला 1 लागतं, आणि ते मिळालं नाही की थ्रॉटल सोडल्यावर फटफट, प्लग पांढराफटक, इंजिन तापतं ते वेगळंच. म्हणजे इंजेक्शनवाल्या गाडीला ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) रिमॅप किंवा पिगीबॅक (ईसीयूला जोडायचा वेगळा मॉड्यूल), कार्ब्युरेटर असेल तर त्यातले इंधनाचे जेट बदलणं, आणि वर डायनोचे (इंजिनची पॉवर मोजायचं मशीन) पैसे. डायनो चुकवू नका, अंदाजे केलेलं ट्यूनिंग परत करावं लागतं (मी दोनदा पैसे मोजलेत).

कोटेशन घेताना गॅस्केट, ओटू (ऑक्सिजन) सेन्सरची जागा, मजुरी सगळं लिहून घ्या, आणि हेडरचा गंजलेला स्टड (इंजिनला धरणारा बोल्ट) तुटला तर कोण भरणार तेही विचारा. वॉरंटी, इन्शुरन्स, आवाजाचे नियम बघा, कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढला तर बऱ्याच ठिकाणी गाडी रस्त्यावर चालवणं बेकायदेशीर. जुना एक्झॉस्ट विकू नका, गाडी विकताना लागतो.