विसरलेले विज्ञान नीटसाठी पुन्हा कसे शिकावे

बारावीनंतर काही वर्षे नोकरीत किंवा शेतीत गेलेल्या, आता नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देऊ पाहणाऱ्या उमेदवाराने लातूर वा नांदेडच्या शिकवणीत लगेच पैसे भरू नयेत. आधी एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी आणि काय शिल्लक आहे, ते पाहावे. नीटच्या 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे असल्याने सुरुवात तेथूनच करावी, आणि त्यासाठी जाडजूड गाइडपेक्षा एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके बरी. धडा वाचल्यावर पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातील गाळणीचे सूक्ष्म एकक, काढावा: बोमन संपुट, समीपस्थ नलिका, हेन्लेचा पाश, दूरस्थ नलिका, आणि कोणत्या भागात काय गाळले वा शोषले जाते, तेही लिहावे. जे आठवले नाही ते लाल शाईने भरून दोन-तीन दिवसांनी तीच आकृती पुन्हा काढावी. नुसते वाचत राहिल्यास सारे येते असे वाटते, परीक्षेत मात्र आठवत नाही.

रसायनशास्त्रात मोल (पदार्थाचे कण मोजण्याचे एकक) ही संकल्पना पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. पाण्याच्या एका मोलचे वस्तुमान 18 ग्रॅम, म्हणून 9 ग्रॅम पाणी म्हणजे अर्धा मोल, हे पटकन सुचले तरच द्रावणांची गणिते सुटतात. भौतिकशास्त्राचे घोडे बहुधा गणितापाशी अडते. त्रिकोणमिती आणि सदिश आधी उजळावेत. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, त्यामुळे अर्धवट आठवणीवर ठोकून देणे महागात पडते. मराठी प्रश्नपत्रिका निवडणाऱ्यांनीही इंग्रजी संज्ञा वहीत शेजारी लिहाव्यात, कारण भाषांतर संदिग्ध असल्यास इंग्रजी पाठच ग्राह्य धरला जातो.