फ्लूच्या दिवसांत गुळण्या कशा कराव्यात, आणि त्यांच्यावर किती विसंबावं

पावसाळ्यात घरातलं एक माणूस शिंकायला लागलं की बाकीच्यांसाठी गॅसवर पाणी चढतं. कुणी त्यात मीठ घालतं, कुणी हळद, कुणी तुरटी फिरवतं, तर कुणी औषधाच्या दुकानातली तपकिरी बाटली घेऊन येतं. महाराष्ट्रात फ्लूचा जोर साधारण जुलै ते सप्टेंबर असतो आणि हिवाळ्याच्या शेवटाला पुन्हा एक लहान लाट येते, म्हणजे वर्षातून दोनदा हा कार्यक्रम ठरलेला. गुळण्या करायच्याच तर नीट कराव्यात. पण त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, ते आधी पाहू.

गुळण्यांचा सर्वांत गंभीरपणे विचार केला तो जपानी लोकांनी. त्यांच्याकडे गुळणीला ‘उगाई’ म्हणतात. बाहेरून आलं की हात धुवायचे आणि उगाई करायची, ही सवय मुलांना लहानपणीच लावतात. २००२-०३च्या हिवाळ्यात तिथल्या संशोधकांनी ३८७ निरोगी प्रौढांचे तीन गट केले. एकाने साध्या पाण्याने गुळण्या करायच्या, दुसऱ्याने पोव्हिडोन आयोडीनच्या (म्हणजे त्या तपकिरी बाटलीतल्या जंतुनाशकाच्या), तिसऱ्याने नेहमीसारखं राहायचं. दोन महिन्यांनंतर साध्या पाण्याच्या गटात सर्दी-पडशाचं प्रमाण तिसऱ्या गटापेक्षा सुमारे ३६ टक्क्यांनी कमी निघालं. आयोडीनवाल्यांना मात्र म्हणण्यासारखा फायदा झाला नाही! मला या निकालाची गंमत वाटते, कारण आपल्याकडे पाण्यात काही घातल्याशिवाय ती गुळणी वाटतच नाही.

पण हा निकाल सर्दीचा होता. त्याच प्रयोगातली फ्लूसारख्या आजाराची आकडेवारी वेगळी काढून पाहिली तेव्हा गटांमध्ये ठोस फरक दिसला नाही. पुढे शिझुओका भागातल्या सातशेहून अधिक शाळकरी मुलांवर ग्रीन टीच्या गुळण्या आणि पाण्याच्या गुळण्या अशी तुलना झाली. फ्लूच्या बाबतीत तिथेही चहाची सरशी सिद्ध झाली नाही. कारण समजायला अवघड नाही. फ्लूचा विषाणू नाकापासून श्वासनलिकेपर्यंतच्या पेशींना चिकटतो. गुळणीचं पाणी नाकाच्या मागच्या बाजूला पोचत नाही, आणि श्वासनलिकेत ते जाऊच नये.

तेव्हा गुळणी हा हात धुण्याच्या शेजारी बसणारा स्वस्त, निरुपद्रवी उपाय आहे, फ्लूविरुद्धचं कवच नव्हे. एवढं मान्य असेल तर कृती अशी:

१. पिण्याचं पाणी घ्या, साधं किंवा कोमट. बोट बुडवून चटका बसत असेल तर ते घशासाठीही गरमच आहे. ‘जितकं कढत तितकं गुणकारी’ या समजुतीने घसा पोळून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

२. आधी एक चूळ भरून थुंका. चूळ आणि गुळणी यात आपण गल्लत करतो. चूळ गालात खुळखुळते, गुळणी घशाशी जाते. तोंडातले अन्नकण आधी चुळीबरोबर गेलेले बरे.

३. साधारण २० मिलिलीटरचा घोट घ्या. खोकल्याच्या औषधाच्या मापाने एकदा मोजून पाहा, मग अंदाज येतो. बहुतेक जण तोंड भरून पाणी घेतात आणि मग मान मागे टाकली की ठसका लागतो.

४. मान मागे करून ‘आऽऽ’ असा आवाज काढत पंधरा सेकंद धरा. आवाजाने पाणी घशाशी खळखळत राहतं. गिळू नका, थुंका. असं लागोपाठ तीनदा.

५. दिवसातून किमान तीन वेळा. लोकल, बस किंवा दवाखान्यातून आल्यावरची वेळ चुकवू नका. आधी हात साबणाने धुवा, मग गुळण्या. घरात कुणी आजारी असेल तर त्याचा पेला वेगळा ठेवा आणि थुंकल्यावर बेसिनमध्ये भरपूर पाणी सोडा.

मिठाचं म्हणाल तर निरोगी घशाला रोज त्याची गरज नाही. घसा खवखवायला लागला की मात्र मीठ कामाला येतं, सूज आणि दुखणं थोडं हलकं होतं. मोठा कपभर, म्हणजे पाव लिटर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ पुरे. सैंधव घेतलं तरी चालेल, पण त्यात काही जादू नाही. एडिंबरामध्ये सर्दी झालेल्यांवर एक छोटा प्रयोग झाला होता. त्यात याहून खारट पाण्याने नाक धुणं आणि गुळण्या अशी जोडी करणाऱ्यांची सर्दी सरासरी दोनेक दिवस लवकर आटोपली. तोही सर्दीचाच प्रयोग, हे विसरू नये. नाक धुवायचं असेल तर पाणी उकळून थंड केलेलंच हवं, नळाचं थेट नको. न उकळलेलं पिण्याचं पाणी चालतं, ही सूट फक्त गुळणीला आहे.

हळद पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते आणि बेसिन पिवळं करते. घालायची तर आजीच्या समाधानासाठी चिमूटभर घाला. पोव्हिडोन आयोडीन डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच, बाटलीवर लिहिलंय तितकं पातळ करून आणि थोडे दिवसच वापरावं. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी स्वतःच्या मनाने ते वापरू नये. ज्येष्ठमधाची काडी किंवा लवंग चघळली की घसा ओला राहतो, बरं वाटतं. विषाणूचं त्याने काही बिघडत नाही. लहान मुलांना गुळणी जमत नसेल तर शिकवण्याचा हट्ट नको, पाणी श्वासात जातं. त्यांना कोमट पाणी प्यायला द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको.

फ्लूपासून बचावाचं खरं साधन लस हेच आहे. ती दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. टोचल्यावर परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणून आपल्याकडे पावसाआधी, मे-जूनमध्ये घेतलेली बरी. साठीच्या पुढचे, गरोदर बायका, दम्याचे, मधुमेहाचे आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी तर डॉक्टरांशी बोलून ठरवावंच.

एवढं करूनही ताप फणफणला, अंग मोडून आलं आणि कोरडा खोकला सुरू झाला, तर गुळण्यांच्या फेऱ्या वाढवत बसू नका. वर सांगितलेल्यांपैकी कुणी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूचं औषध लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर सर्वांत उपयोगी पडतं. मुलांना तापासाठी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं किंवा मूल पेंगुळलेलं राहणं यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका.