मारिओचा प्रश्नचिन्हाचा डबा: प्लायवूडचा, 32 सेंमीचा

सुपर मारिओ ब्रदर्स हा गेम 1985 सालचा. त्यातला डोक्याने ठोकायचा पिवळा डबा पडद्यावर 16 बाय 16 ठिपक्यांचा असतो. म्हणून आपला एक ठिपका 2 सेंमीचा धरायचा, म्हणजे डबा 32 सेंमीचा होतो. बाकीची सगळी मापं यावरूनच निघतात. घाईत 30 किंवा 35 सेंमी ठरवलंत तर एका ठिपक्याचं माप अपूर्णांकात जातं आणि प्रश्नचिन्ह वेडंवाकडं होतं.

गावचा सुतार इंच-सुतात मोजतो (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि इथे ते सोयीचंच पडतं. 32 सेंमी म्हणजे 12 इंच 5 सूत, तुकड्यांना लागणारे 30.8 सेंमी म्हणजे 12 इंच 1 सूत. फरक एक मिलिमीटरही नाही.

प्लाय 6 मि.मी.चा घ्या. घरात ठेवायचा असेल तर आयएस 303 चा साधा एमआर, म्हणजे थोडी ओल सोसणारा, चालतो. ओसरीत किंवा अंगणाकडे टांगणार असाल तर आयएस 710 चा, पाण्यातही टिकणारा मरीन प्लाय घ्या. एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) स्वस्त आणि गुळगुळीत असला तरी आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याच्या कडा ओल धरून फुगतात आणि परत बसत नाहीत, तेव्हा तो नकोच. दुकानात चार बाय दोनचा तुकडा मागू नका. दोन फूट म्हणजे 61 सेंमी, आणि दोन तुकडे शेजारी बसवायला 64 लागतात. 13 इंच रुंद आणि साडेसहा फूट लांब पट्टी मागा. सहाही तुकडे त्यात निघतात आणि दर कापाला करवत खाते ते दोन-तीन मि.मी.ही भागतात.

तुकडे असे: वरचा आणि खालचा 32 बाय 32, पुढचा-मागचा 32 रुंद व 30.8 उंच, दोन्ही बाजूंचे 30.8 बाय 30.8. शिवाय 2 बाय 2 सेंमीच्या लाकडी पट्टीचे पाच तुकडे, प्रत्येकी 30.8 सेंमी. सहा फूट पट्टी पुरते. कापण्याआधी प्लायची जाडी स्वतः मोजा. 6 चा म्हणून दिलेला प्लाय अनेकदा साडेपाच भरतो. तसं असेल तर 30.8 च्या जागी सगळीकडे 30.9 धरा.

जोडणी चार उभ्या पट्ट्यांवर होते. आधी बाजूच्या दोन्ही तुकड्यांच्या उभ्या कडांना आतून पट्ट्या फेविकॉलने चिकटवून पाऊण इंची चुका मारा. मग पुढचा-मागचा तुकडा त्यावर बसवा. चारही कोपरे गुण्याने तपासा आणि समोरासमोरचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. नंतर वरचा तुकडा चिकटवा. शिकंजे नसतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधल्या तरी दाब चांगला येतो. रात्रभर तसंच ठेवा, पावसाळ्यात पूर्ण एक दिवस. पाचवी पट्टी वरच्या तुकड्याच्या आत मधोमध आडवी चिकटवा आणि टोकांना बाहेरून चुका मारा. टांगायचे दोन आकडे याच पट्टीत फिरवायचे. डबा साधारण अडीच किलोचा होतो, नुसत्या 6 मि.मी. प्लायमध्ये आकडा टिकत नाही. एकाच आकड्यावर टांगला तर वाऱ्याने गरगर फिरतो. खालचा तुकडा चिकटवू नका, चार स्क्रूंनी उभ्या पट्ट्यांत कसा.

आत दिवे लावायचा मोह होतो, पण प्लायमधून उजेड येत नाही, फक्त फटी उजळतात. मूळ गेममध्येही डबा लुकलुकतो तो चित्र बदलून नव्हे, नुसता एक रंग पालटून. आपल्या डब्याची ओळख रंगातच आहे, मेहनत तिथे घ्या.

सांध्यांत आणि कडांना लांबी (पुट्टी) भरा, वाळली की 120 नंबरच्या आणि मग 220 च्या पॉलिश पेपरने घासा. वुड प्रायमरचा एक हात आतूनही द्या. एकच बाजू रंगवली की प्लाय वाकतो. बाहेरून गोल्डन यलो ऑइलपेंटमध्ये थोडा नारिंगी मिसळून दोन पातळ हात, मध्ये एक दिवस. 200 मि.ली. पुरतो. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) भर दुपारी रंग लावू नका, ब्रश फिरवेपर्यंत तो ओढायला लागतो आणि रेघा उठतात. सकाळी नऊच्या आत उरका.

ठिपके रंगवण्यापेक्षा तालुक्याच्या गावी नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडून तपकिरी आणि काळं रेडियम आणा. दोन फुटी रोलमधून प्रत्येकी एक फूट पुरतं. रंगानंतर निदान आठ दिवस थांबा. वरून कोरडा वाटला तरी रंगातला थिनर आतून निघत असतो, आणि वर रेडियम असलं की त्याचे फुगे येतात. टिनाच्या छताखाली तर हमखास.

चारही उभ्या बाजूंवर 2 सेंमीचे चौकोन डबा जोडल्यावरच आखा, कारण बाजूंच्या दर्शनी मापात शेजारच्या प्लायची जाडीही येते. पेन्सिल हलकी धरा. ओळी वरून, रकाने डावीकडून मोजायचे. तपकिरी प्रश्नचिन्ह असं:

ओळ 4: रकाने 6 ते 10
ओळी 5, 6, 7: 5, 6 आणि 10, 11
ओळ 8: 9 ते 11
ओळी 9, 10: 8, 9
ओळ 11 रिकामी
ओळी 12, 13: 8, 9

काळी सावली पाठ करायला नको. प्रत्येक तपकिरी घरापासून एक घर उजवीकडे आणि एक खाली जा. तिथे तपकिरी नसेल तर काळं. एका बाजूला 28 तपकिरी आणि 19 काळी घरं भरली पाहिजेत. आकडा चुकला तर कागद सोलण्याआधी पुन्हा मोजा. कोपऱ्यांचे चार काळे खिळे, म्हणजे एकेक काळं घर, तिसऱ्या आणि चौदाव्या ओळीत, तिसऱ्या आणि चौदाव्या रकान्यात.

काठाला वर आणि डावीकडे 28 सेंमीची तपकिरी पट्टी, उजवीकडे 28 ची आणि खाली पूर्ण 32 ची काळी. वरचे दोन्ही कोपरे पिवळेच ठेवा. सलग घरांचे वेगळे चौकोन कापू नका, एकच 2 सेंमी रुंद पट्टी लावा. सांधे कमी म्हणजे उन्हाने सुटणारी टोकंही कमी. चिकटवताना पाण्यात शाम्पूचा थेंब टाकून पृष्ठभाग ओला करा, पट्टी सरकवून जागेवर आणा आणि प्लास्टिकच्या कार्डाने मधून कडेकडे पाणी काढा.

वरची आणि खालची बाजू नुसती पिवळी ठेवा. चारही बाजू वाळल्या की खालच्या तुकड्याचे स्क्रू पुन्हा आवळा, आकडे फिरवा आणि डबा डोक्याच्या वर हातभर उंचीला टांगा.