इंग्लंडमध्ये दुकानाची लीज घेताय? या चुका टाळा

लंडन, स्लाऊ, लेस्टरकडे दुकान किंवा खानावळ टाकणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. इंग्लंड-वेल्समध्ये १९५४ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याचा दुसरा भाग धंद्याच्या भाडेकरूला भक्कम आधार देतो. मुदत सरली तरी लीज आपोआप संपत नाही. नवी लीज मागता येते, आणि मालक अडून बसला तर कोर्ट १५ वर्षांपर्यंतची लीज देऊ शकतं. पण हा हक्क गमवायला एक सही किंवा एक हुकलेली तारीख पुरते.

'फॉर्मॅलिटी आहे' म्हणून सही ठोकणं

सर्वात महागात पडणारी चूक हीच. हे संरक्षण काढून घ्यायचं असेल, तर मालकाला लीजआधी ठरावीक मजकुराची इशारा-नोटीस द्यावी लागते. 'तुम्हाला संरक्षणाशिवाय लीज दिली जात आहे, सल्लागाराशी बोलल्याशिवाय बांधून घेऊ नका,' अशीच तिची सुरुवात असते. मग भाडेकरू 'वाचलं, परिणाम कळले' असं लिहून देतो. नोटीस करारात अडकण्याच्या किमान १४ दिवस आधी मिळाली असेल तर साधं निवेदन चालतं, नाहीतर सॉलिसिटरसमोर (वकिलासमोर) शपथेवर. शपथ घेववणारा तो सॉलिसिटर तुम्हाला सल्ला द्यायला बसलेला नसतो, हे विसरू नका. किचन आणि एक्झॉस्टवर कर्ज काढून पैसे घालणार असाल, तर ही सही करण्याआधी भाडं कमी करून मागा किंवा दुसरा गाळा बघा.

'बोलणी चालू आहेत' म्हणून निर्धास्त राहणं

मालकाच्या कलम २५ च्या नोटिशीत (चालू लीज संपवण्यासाठी तो देतो ती) ६ ते १२ महिन्यांपुढची तारीख असते. तोवर नव्या लीजसाठी कोर्टात अर्ज गेला नाही, तर हक्क संपला. मालकाचा एजंट फोनवर कितीही गोड बोलला तरी तारीख हलत नाही. मुदतवाढ हवी तर ती तारखेआधी आणि लेखीच घ्या.

'इमारत पाडायची आहे' ऐकून मुकाट बाहेर पडणं

पुनर्बांधणी हे नवी लीज नाकारण्याचं वैध कारण आहे, पण इरादा खरा लागतो. लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवरच्या एस. फ्रान्सेस या जुन्या कापडकलेच्या गॅलरीच्या खटल्यात मालकाने केवळ भाडेकरूला काढण्यासाठी बांधकाम योजलं होतं. गॅलरी आपणहून गेली असती तर ते केलंच नसतं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने असा इरादा पुरेसा नाही म्हटलं. इरादा खरा निघाला, तर सहसा रेटेबल व्हॅल्यूइतकी (धंद्याच्या जागेवरच्या करासाठी ठरवलेल्या मूल्याइतकी) भरपाई मिळते. त्याच जागी १४ वर्षं धंदा झाला असेल तर दुप्पट. भाडं सतत थकवल्यामुळे नकार मिळाला, तर मात्र काहीच नाही.

सुधारणेची बातमी वाचून कायदा बदलला समजणं

कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या लॉ कमिशनने नोव्हेंबर २०२४ मध्ये मतं मागवली आणि जून २०२५ मध्ये कल सांगितला: संरक्षण सोडून देण्याची आजची पद्धत राहावी, पण संरक्षणाबाहेरच्या छोट्या लीजची मर्यादा ६ महिन्यांवरून २ वर्षं व्हावी. कल म्हणजे कायदा नव्हे. आणि मला ही दोन वर्षांची मर्यादा खटकते. नवखा दुकानदार पहिली लीज दीड वर्षाचीच घेतो, गिऱ्हाईक जोडतो, आणि नेमका तोच उघड्यावर पडेल.

चूक होऊन गेली असेल तर

लगेच सगळे कागद सॉलिसिटरला दाखवा. इशारा-नोटीस लीजआधी खरंच मिळाली होती का? कलम २५ ची नोटीस योग्य नमुन्यात, योग्य मालकाकडून, योग्य मुदतीची आहे का? यात खोट निघाली, तर गेलेला वाटणारा हक्क शाबूत असू शकतो.