रेझिनच्या मावळ्याचा जुना रंग कसा उतरवावा

रेझिनच्या छोट्या मावळ्यावर दोन-तीनदा रंग चढला की आधी त्याचा चेहरा हरवतो. मिशी सपाट होते, पागोट्याचे पीळ भरून जातात. अशा मूर्तीवर आणखी एक हात मारू नका. आधी जुना रंग उतरवा.

थिनर, ॲसिटोन घरात असलं तरी वापरू नका. रंगाबरोबर रेझिनही मऊ पडतं आणि नाकडोळे कायमचे जातात. ॲक्रिलिक रंगासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. ऑइल पेंटवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. आधी बैठकीच्या तळाला कापसाने लावून दहा मिनिटं थांबा. तळ चिकट लागला तर पुढे जाऊच नका. ठीक असेल तर मूर्ती झाकणाच्या बरणीत अर्धा तास बुडवा. हातमोजे घाला, खिडक्या उघडा. हे पटकन पेट घेतं, म्हणून जवळ उदबत्तीसुद्धा नको.

बाहेर काढल्यावर रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो. मऊ टूथब्रशने हलक्या हाताने घासा, चेहऱ्यापाशी लाकडी टूथपिक वापरा. माझ्या मावळ्याच्या पापण्या मला तेव्हा पहिल्यांदा दिसल्या! रंग उरला तर पुन्हा बुडवा, पण रात्रभर नको. एखाद्या खाचेतला ठिपका राहू द्या. तो प्राइमरखाली, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराखाली, झाकला जातो; सुईने कोरल्याचा ओरखडा मात्र झाकला जात नाही. नंतर भांड्यांच्या साबणाने धुऊन दिवसभर वाळवा.

भाला वाकला असेल तर गरम पाण्यात मिनिटभर धरा, सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात घाला. तुटलेलं मनगट नुसतं चिकटवून टिकत नाही. दोन्हीकडे बारीक भोक पाडून तारेचा तुकडा बसवा, मग सुपरग्लू लावा. बुडबुड्यांची छिद्रं एपॉक्सी पुट्टीने भरा. ६०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करूनच घासा, तोंडाला मास्क हवाच. रेझिनची धूळ फुप्फुसांत जाऊ देऊ नका.

आता वीतभर अंतरावरून करड्या स्प्रे प्राइमरचे दोन पातळ हात मारा. पावसाळी दमट दिवस टाळा, नाहीतर पांढुरकी झाक येते. ॲक्रिलिक रंग ताकाइतका पातळ करा आणि डोळ्यांपासून सुरुवात करा. बुबुळ जरा बाहेर गेलं तरी नंतर त्वचेच्या रंगाने कड सावरता येते.