मशीन एम्ब्रॉयडरीची पानं कापडात बुडत होती, ते कसं सुटलं

इंदूरला शीतलामाता बाजारातून आणलेलं मोरपिशी कापड, त्यावर डिझाइनमधली पानं दिसतच नव्हती, लांबून नुसता हिरवट डाग. दोऱ्यांच्या रंगांच्या चार्टचे नंबर जुळवले, भारीतला रेयॉनचा दोरा लावला, टाके दाट केले तर कापडाला चुण्या पडल्या. डोकंच फिरलं.

जमलं ते असं. डीएसटी फाइलमध्ये, म्हणजे मशीनला डिझाइन देतो त्या फाइलमध्ये, रंग नसतातच, फक्त रंग बदलायला कुठे थांबायचं तेवढं असतं, म्हणून मशीनच्या स्क्रीनवरचे रंग सरळ सोडून द्या. आधी सगळे स्टॉप, म्हणजे रंग बदलायचे हे थांबे, ओळीने कागदावर लिहा, कुठला पान, कुठला देठ. मग आपल्या आवडीच्या रिळांचा हातभर दोरा काढून कापडावर आडवा टाका, रीळ नुसतं शेजारी ठेवून काही कळत नाही, गुंडाळलेला दोरा गडद दिसतो आणि एकटा पदर फिका. हे दिवसा, खिडकीपाशी. त्याचा मोबाइलने फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा, दोरा कापडात गायब झाला की तो बाद, मग कितीही आवडता असो, त्यातलीच बरीच फिकी किंवा गडद शेड घ्या. शेवटी त्याच कापडाच्या तुकड्यावर, खाली तेच स्टॅबिलायझर (कापडाला आधार देणारं अस्तर) लावून, एकच पान काढून बघा.

मी पानं पिस्ता केली, देठ मोहरी. सासूबाईंना लिंबोणी हवा होता, तो फुलात घातलाय.