पुराचं पाणी ओसरलं की गाडीला सेल्फ मारू नका

बडोद्यात राहणाऱ्यांनी हे डोक्यात पक्कं ठेवा. काळाघोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं होतं, त्यात वरून आजवा धरणातून सोडलेलं पाणी, त्यामुळे पाऊस थांबला म्हणजे सुटलो असं समजू नका, पाणी नंतरही चढतं.

आता मुद्दा. पार्किंगमध्ये गाडी बुडाली असेल तर पाणी उतरल्यावर "बघू तरी चालू होते का" म्हणून चावी फिरवायची नाही, स्कूटर असली तरी किक पण नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असलं तर ते काही हवेसारखं दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनचं काम निघतं, वर इन्शुरन्सवाले म्हणतात हे पुराने नाही तुम्ही केलंत. आमच्या शेजारच्या काकांचं अगदी हेच झालं, क्लेम अडकला. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट (इंजिनच्या नुकसानीसाठीचं जादा कव्हर) घेतलेलं असेल तर जरा बरं, नुसती थर्ड पार्टी (फक्त दुसऱ्यांच्या नुकसानीची) पॉलिसी असेल तर गाडीचं काहीच मिळत नाही.

धुवायच्या आधी फोटो काढा, नंबर प्लेट आणि चिखलाची रेघ एकाच फोटोत यायला हवी. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा (जमत असेल तरच), इन्शुरन्स कंपनीला फोन करा आणि गाडी टो करूनच न्या. आणि हो, बेसमेंटमध्ये उतरताना टॉर्च घ्या, आपल्याकडे पाण्याबरोबर मगरीही येतात, चेष्टा नाही!